पालकांच्या व शाळेच्या जबाबदारीवर

अकरा वर्षांची होईपर्यंत मी जगाशी जे काही बोलले ते आईच्या तोंडून बोलले, आणि आई त्यात गूळ घालायची. जन्मल्यावर रडायला मी उशीर केला, त्याची शिक्षा माझ्या हातापायांना आणि जिभेला झाली. डोकं तेवढं सुटलं. पण जीभच वळत नसल्यामुळे ते सुटलंय हे कुणाला कळायची सोय नव्हती. मी बोलले की ऐकणाऱ्याला नुसती घरघर ऐकू यायची आणि तो माझ्याकडं न बघता आईकडं बघायचा. आई क्षणभर थांबायची, पदर सारखा करायची आणि माझं बोलणं सांगायची. एकदा रहिमतपूरची मामी राहायला आली होती. तिनं हौसेनं भाकऱ्या केल्या आणि मला विचारलं, कशी झालीया गं? मी म्हणाले, करपलीय. आई म्हणाली, "लय ग्वाड झालीया म्हणती." मामीनं खूश होऊन आणखी अर्धी वाढली. ती करपलेली अर्धी भाकरी गिळताना मी आईकडं जे बघितलं, ते आईला पुढं कितीतरी वर्षं आठवत होतं.

आमचं घर कुंडलच्या बाहेर मळ्यात. वडील फौजेत, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. ते वर्षातून एकदा सुट्टीवर येत. ऊस सांभाळायचे धाकटे चुलते, तात्या. मला चालता येत नसल्यामुळे मी सोप्यात पोत्याच्या गादीवर टेकून बसलेली असे, आणि बसल्या जागी सगळं घर मला ऐकू येई. वीज आली की विहिरीवरची मोटार आधी खोकायची, मग तिचा सूर लागायचा. त्या सुरावर काकी धुणं आपटायची. गुऱ्हाळाच्या दिवसांत चरख्याची करकर दिवसभर चाले, आणि दुपारी तात्या गरम काकवीचा तांब्या घेऊन येत. काकवी, दुधात कुस्करलेली भाकरी आणि हुलग्याचं घट्ट माडगं हे माझं खाणं. पातळ पाण्यानं मला ठसका लागे, पण माडगं सरळ खाली उतरे. हे आईनं कुणा डॉक्टरला न विचारता शोधून काढलं होतं. पुढं सांगलीच्या एका डॉक्टरीणबाईंनी तेच मला इंग्रजी शब्दांत समजावून सांगितलं, तेव्हा मी इतकी हसले की त्यांना वाटलं मला झटका आलाय.

गावातल्या मराठी शाळेत चौथीपर्यंत अडचण आली नाही. तिथले म्हातारे गुरुजी म्हणाले, "बसू दे की दाराजवळ. कुणाला चावतीया व्हय?" मी दाराजवळ बसून वाचायला शिकले. हिशेब तोंडी करायला लागले, पण माझं तोंड म्हणजे आईचं तोंड. ती माझ्यासाठी शाळेच्या पटांगणातल्या लिंबाखाली बसून असायची. मधल्या सुट्टीत मला भरवायची, लघवीला न्यायची, आणि गुरुजींनी हाक मारली की वर्गात येऊन माझं उत्तर सांगायची. पाचवीला हायस्कूल आलं. तात्या मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून, पाठीशी ओढणीनं बांधून नेऊ लागले. माझं नाव मंदाकिनी, घरात मंदा. हायस्कूलच्या पहिल्याच आठवड्यात वर्गानं त्यातला शेवटचा काना काढून टाकला. मी त्यांना त्यावर एक सणसणीत शब्द सुनावला. आई म्हणाली, "हसतीया ती तुमच्यासंगं."

त्या वर्षी ढवळे बाई नवीन आल्या होत्या. माधवनगरच्या. वडील तिथल्या गिरणीत मागावर होते. काळ्या, किडकिडीत, आवाज मोठा. पहिल्या दिवशी त्यांनी मला प्रश्न विचारला आणि सवयीनं आई दारात आली, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही थांबा. तिला विचारलंय." मी उत्तर दिलं. त्यांना काही कळलं नाही. "परत सांग," म्हणाल्या. मी परत सांगितलं. वर्ग हसला. तिसऱ्यांदा सांगताना मला घाम फुटला होता, आणि तरी त्यांना कळलं नाही. पण 'बरं बरं, बस' असं त्या म्हणाल्या नाहीत. "मला कळलं नाही, चूक माझी," असं म्हणाल्या. माझ्याशी असं बोललेलं पहिलं माणूस ते.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई आमच्याबरोबर चालत मळ्यात आल्या. आईनं घाईनं घोंगडं अंथरलं, काकीनं चहा टाकला. बाई घोंगड्यावर न बसता सरळ चुलीपाशी माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "वहिनी, आमच्या माधवनगरात दोन मागांच्या मध्ये उभं राहून माणसं दिवसभर बोलतात. खडखडाटात शब्द ऐकू येतच नाही. तोंड बघायचं, गाल बघायचे, मान बघायची. माझ्या वडिलांचं बोलणं मी तसंच ओळखत आले. तेव्हा हिचं बोलणंही मला येईल. तुम्ही मला शिकवा."

"आवं बाई, काय तरीच! म्या चौथी शिकलेली. मास्तरणीला म्या काय शिकवू?"

"ह्या विषयात तुम्हीच मास्तर."

आई लाजली, हसली, आणि मग खरोखरच शिकवायला लागली. आठवड्यातून तीन दिवस, भाकऱ्या थापता थापता. "'क' न् 'ग' ती घशात गिळती, तवा पुढच्या अक्षरावरनं वळखायचं. 'ड' आला की उजवा खांदा वर उचलतोय. आन् डोळं मिटून मान फिरवली की 'न्हाई' म्हणायचं आसतंय. तेवढं पक्कं ध्यानात धरा, लय वेळा म्हणती." बाई चुकल्या की आई हातातलं पीठ झटकून "च्यक्" करायची, माझ्यावर कधी ओरडली नसेल तशी त्यांच्यावर ओरडायची, आणि मग जीभ चावायची. मी मुद्दाम अवघड शब्द काढायचे. ज्वालामुखी. क्षेत्रफळ. बाईंनी पहिल्यांदा 'क्षेत्रफळ' ओळखलं त्या दिवशी काकी परातीवर पळी वाजवत नाचली.

मग एक वही सुरू झाली. माझ्या दप्तरातून घरून शाळेत आणि शाळेतून घरी जाणारी. बाई लिहायच्या, आज भूगोलात काय झालं, उद्या काय घेणार, कुठं अडलं. आई रात्रीचं जेवण उरकायच्या आधी मोठमोठ्या अक्षरांत उत्तर द्यायची. शुद्धलेखन तिचं स्वतःचं. 'पानी चमच्यान द्याव.' 'कवीता पाट हाय ईचारा.' 'आज खवळली हाय कारन म्हाईत न्हाई.' बाईंनी बाकाची मापं वहीत लिहून पाठवली. तात्यांनी मोडक्या बैलगाडीच्या फळ्या तासून त्या मापाची खुर्ची केली, पायाखाली आडवी पट्टी ठोकली आणि आण्णांचा फौजेतला जुना जाड पट्टा कमरेला बांधायला लावला. त्या खुर्चीत बसल्यावर माझी मान सरळ राहिली आणि मला वर्ग, फळा, खिडकी हे सगळं एका रेषेत दिसलं. आजकाल शाळांतून मला भाषणाला बोलावतात. शाळा आणि पालक यांच्या सहकार्यावर मोठे फलक लावलेले असतात. मुख्याध्यापक गुच्छ देतात आणि मी काय घेणार ते माझ्या भाचीला विचारतात. तेव्हा मला ती खुर्ची आठवते. तिच्यासाठी शाळेनं मापं दिली होती आणि घरानं लाकूड.

सहामाही परीक्षा झाली. मी सांगायचे, आई शेजारी बसून शब्द सांगायची, बाई लिहून घ्यायच्या. बाईंना तोवर निम्मंअधिक कळायला लागलं होतं, पण खात्रीसाठी आई लागे. गणितात मी वर्गात दुसरी आले. तिथं माशी शिंकली. दोनचार पालकांनी हेडसरांकडं तक्रार केली. हेडसर वाईट माणूस नव्हते, हे मला आता सांगता येतं. शाळेचा निकाल आणि शाळेची शिस्त ह्यांच्यावर त्यांचा जीव होता. तेव्हा मात्र मला ते फक्त एक पांढरा सदरा आणि एक टेबलावरची घंटा वाटत. त्यांनी घरी चिठ्ठी पाठवली. उत्तरं मुलीची नसून आईची आहेत असा शाळेचा समज झाला आहे. मुलीच्या हिताच्या दृष्टीनं तिचा दाखला काढून तिला अशा मुलांच्या निवासी संस्थेत घालावं. पालकांनी समक्ष भेटावं.

आण्णा तेव्हा सुट्टीवर आले होते. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. "वरनं आर्डर आलीया. हेडमास्तर म्हंजे तिथला शीओ, पलटणीचा मोठा साहेब. त्यांच्या म्होरं आपण काय बोलणार?" संस्थेत तिची सोय होईल, तुझीही लिंबाखालची ड्यूटी संपेल, असं ते आईला समजावत राहिले. आई भाकरी थापत राहिली. मी सोप्यातून ओरडले की मी जाणार नाही. आण्णांनी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "जरा भ्याली हाय ती." मी भ्याले नव्हते. मी रागानं थरथरत होते, पण माझं अंग एरवीही थरथरतंच, म्हणून तो फरक कुणाला दिसला नाही.

हेडसरांच्या खोलीत आम्ही सगळे कसेबसे मावलो. आण्णा इस्त्रीच्या सदऱ्यात ताठ उभे, तात्या दाराशी, आई माझ्या खुर्चीमागं, बाई कपाटाला टेकून. हेडसरांनी आण्णांना बसायला सांगितलं, ते बसले नाहीत. हेडसर समजुतीनं बोलले. "आमचा हेतू चांगला आहे. पण परीक्षेचं पावित्र्य म्हणून काही आहे की नाही? मुलीच्या नावावर आईनं उत्तरं द्यायची, हे शाळेनं कसं चालवून घ्यायचं?" मग माझ्याकडं वाकून, लहान बाळाशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाले, "बाळ, नवीन शाळेत जाशील ना? तिथं तुझ्यासारखीच मुलं आहेत."

मी त्यांना सांगितलं. एका दमात, खांदा वर करत, लाळ गळत, पण पुरतं सांगितलं.

हेडसरांनी आईकडं बघितलं. आईनं पदर सारखा केला. "ती म्हणती, सर, तुमचं उपकार हायती. पर मला हितंच बसू द्या, पाया पडते."

कपाटापाशी बाई हलल्या. "वहिनी," त्या हळू म्हणाल्या, "ती असं म्हणाली नाही."

"मग काय म्हणाली?" हेडसरांनी विचारलं.

बाई फळ्यावरचं वाचावं तशा बोलल्या. "म्हणाली, मी जाणार नाही. माझा पेपर तुम्ही उघडून तरी बघितला का? माझ्या आईला गुणाकार तरी येतो का ते आधी तिला विचारा. आणि मी बाळ नाही."

आण्णांनी झटकन माझ्याकडं मान वळवली. तात्या दारात खोकले. हेडसरांचा चेहरा तांबूस झाला. "म्हणजे दोघींपैकी एक खोटं बोलतंय," ते म्हणाले. "मला तेच म्हणायचं होतं. ज्याला जे वाटेल ते तो हिच्या नावावर खपवतो."

"खोटं म्या बोलले," आई म्हणाली.

तिनं माझ्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. फळी करकरली ते मला जाणवलं. "बाईंनी सांगितलं त्येच ती म्हणाली, सर. शब्दाला शब्द. माझी पोरगी तोंडाची लय फाटकी हाय. ल्हानपणापास्नं म्या तिचं बोलणं ग्वाड करून सांगत आले. वाटायचं, आधीच देवानं आसं केलंया, त्यात तोंडाळ म्हणून कोण जवळ करील? पर त्यापायी आज तिची उत्तरं माझी ठरायला लागली. न्हाई सर, मला गुणाकार येत न्हाई. पाढं इसरले म्या."

आई रडली नाही. मी रडले, आणि मला त्याचा आजही राग आहे. कारण हेडसरांना वाटलं मी घाबरले म्हणून रडतेय.

पण त्या माणसाच्या मनात आता संशयापेक्षा कुतूहल जास्त झालं असावं. त्यांनी बाईंना आणि आईला बाहेर व्हरांड्यात उभं राहायला सांगितलं, दार लावलं आणि मला म्हणाले, "काहीही एक सांग. तुझ्या मनातलं. त्या दोघींना एकेकीला आत बोलवतो. बघू, दोघी तेच सांगतात का."

ह्या वेळी त्यांनी बाळ म्हटलं नाही, हे माझ्या ध्यानात आलं. सगळ्या बैठकीत मी त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडं बघत होते. तिथं सांगली जिल्ह्याचा नकाशा होता. कधीतरी फाटला होता आणि कुणीतरी खळ लावून चिकटवला होता. मी एक वाक्य सांगितलं. त्यांना अर्थातच काही कळलं नाही. मग बाई आल्या. मी तेच वाक्य परत सांगितलं. बाई गोंधळल्या, म्हणाल्या, "परत." मी परत सांगितलं. "नकाशात जत उलटं चिकटवलंय, म्हणतेय ती." बाईंना आतल्या कोपऱ्यात उभं करून हेडसरांनी आईला बोलावलं. आईनं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कायतरी जत उलटं हाय म्हणती. जतंत आपलं कोण ऱ्हातंय गं?"

तेव्हा आण्णा पुढं झाले. हेडसरांना वळसा घालून ते भिंतीपाशी गेले, हात मागं बांधून नकाशासमोर उभे राहिले. जत तालुक्याचा तुकडा खरोखरच उलटा होता, गावांची नावं डोक्यावर उभी होती. किती वर्षं त्या खोलीत माणसं येत होती, कुणाला दिसलं नव्हतं. आण्णा वळले. फौजेत नकाशा चुकला तर काय होतं हे त्यांना ठाऊक होतं.

"साहेब," ते म्हणाले, "पोरगी बरोबर हाय. नकाशा चुकीचा हाय."

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. हेडसरांनी माघार घेतली ती अर्धी. मुलगी शाळेत राहील, वार्षिक परीक्षेला आई खोलीत नसेल, फक्त ढवळे बाई लिहून घेतील आणि दुसरे एक शिक्षक समोर बसतील. शिवाय पालकांनी लेखी द्यायचं. कागद त्यांनीच तयार केला, 'सदर विद्यार्थिनी पालकांच्या जबाबदारीवर शाळेत बसेल.' आण्णांनी पेन घेतलं, वाचलं, आणि सही करायच्या आधी 'पालकांच्या' ह्या शब्दापुढं खूण करून वरती बारीक अक्षरात लिहिलं, 'व शाळेच्या'.

"हे काय?" हेडसर म्हणाले.

"घरी हाय तवर आमची. हितं आणून सोडली की तुमची. एकट्याची ड्यूटी आसती व्हय कुठं?" आण्णांनी सही केली आणि कागद हेडसरांकडं सरकवला. "आता तुमची करा." ज्या माणसानं जन्मभर आर्डरी मानल्या, तो तिथं हात पुढं करून उभा राहिला, आणि हेडसरांची सही होईपर्यंत हलला नाही. मी पुढं चाळीस वर्षं सांगलीतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली. ओळीच्या डोक्यावर राहिलेला शब्द घालण्याची ती खूण मी मदतनिसाकडून लाखो वेळा करवून घेतली असेन. तेवढ्या मोलाचा शब्द मला एकाही पुस्तकात घालायला मिळाला नाही.

त्या कागदाचा पहिला परिणाम असा झाला की आईला शिक्षकांच्या खोलीत खुर्ची मिळाली. ढवळे बाई रजेवर गेल्या तर काय, असा प्रश्न निघाला आणि उत्तर एकच होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर आई गणिताच्या सरांना आणि हिंदीच्या बाईंना माझं बोलणं शिकवू लागली. पहिल्या शनिवारी ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. महिन्याभरात ती गणिताच्या सरांना "आवं, तोंडाकडं बघा तिच्या, घड्याळाकडं काय बघताय?" असं म्हणू लागली. हेडसर दारावरून जाताना थबकायचे, पण आत यायचे नाहीत.

वार्षिक परीक्षेत समोर बसायला कुणी मोकळं नाही म्हणून की आणखी कशासाठी, भूगोलाच्या पेपरला हेडसर स्वतः येऊन बसले. आई बाहेर लिंबाखाली. मी सांगत होते, बाई लिहीत होत्या. दोन तास ते वर्तमानपत्र वाचल्यासारखं करत आमच्याकडं बघत राहिले. पाचवा प्रश्न अर्धा झाला आणि बाईंच्या हाताखालचं शेवटचं पान भरलं. मी मान वर करून हेडसरांना हवं ते मागितलं. बाई सांगायला निघाल्या, तर त्यांनी हात वर केला. "तुम्ही थांबा. मला ऐकू द्या."

मी परत म्हणाले.

"पाणी?"

मी डोळे मिटून मान फिरवली.

"बरं वाटत नाही? घरी जायचंय?"

मी पुन्हा डोळे मिटले. समोरच्यानं तीनचार वेळा चुकीचं ओळखलं की माझ्यासारखी माणसं दमून मान डोलवतात. पाणी नको असताना पाणी पितात, घरी जायचं नसताना घरी जातात. मी त्या दिवशी मान डोलवली नाही. त्यानंतर आजतागायत कधीच डोलवली नाही. वेळ माझा जात होता, घड्याळ माझं चाललं होतं, पण मी त्यांच्याकडं बघत थांबून राहिले.

हेडसरांनी टेबलामागची खुर्ची उचलली, माझ्यासमोर गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ आणून ठेवली, आणि चष्मा सारखा करून माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, "पुन्हा सांग. सावकाश. मी बघतोय."

"पुरवणी," मी म्हणाले.